बाँड आधी की पीजी? आणि डॉक्टर एवढे, तरी पदं रिकामी का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप संपत आलीय, बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष समोर आहे आणि वर्गातले बहुतेक जण नीट-पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर (पीजी) प्रवेश परीक्षेच्या, क्लासला लागलेत. आदिवासी तालुक्यातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेलो तर अभ्यास बुडेल, ही तुमची भीती. घरचे म्हणतात, दंड भर आणि मोकळा हो. सरकारी सेवेत राहून स्पेशालिस्ट होता येतं का, हेही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "दरवर्षी एवढे डॉक्टर बाहेर पडतात, मग सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही ही ओरड संपत का नाही?"

हा शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता जोडलाय. पण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. १९९९ मध्ये उत्तर महाराष्ट्रातल्या एका आदिवासी तालुक्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. पाच वर्षं पीएचसी, मग सेवेत राहूनच डीजीओ (स्त्रीरोग-प्रसूतीचा डिप्लोमा), मग ग्रामीण रुग्णालय आणि आता १०० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ. बाँडवर आलेले चाळीसेक तरुण डॉक्टर तरी या काळात माझ्यासोबत काम करून गेले. त्यातले कोण टिकले, कोण का गेले, हे मी जवळून पाहिलंय.

डॉक्टर कमी तयार होतात म्हणून पदं रिकामी, हे म्हणणं आता टिकत नाही. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, आज त्या एक लाखाच्या बऱ्याच पुढे आहेत. पीजीच्या जागाही ३१ हजारांवरून ७० हजारांपलीकडे गेल्या. तरीही केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत सामुदायिक आरोग्य केंद्रांतल्या, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांतल्या, तज्ज्ञांची तूट जवळजवळ ८० टक्के आहे. त्याच अहवालात पीएचसीतल्या डॉक्टरांची तूट देशपातळीवर जेमतेम तीन टक्के दिसते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पीएचसीची खुर्ची कागदावर भरलेली आहे, कारण तिथे बाँडवाले येतात, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवाले येतात. खुर्ची भरलेली, पण माणूस दरवर्षी नवा. त्या गावातल्या आशाताईला विचारा. यंदाचे डॉक्टर कोण, हे तिला आठवून सांगावं लागतं. आणि पीएचसीच्या वरच्या पायरीवर, जिथे ऑपरेशन व्हायला हवं, तिथे मात्र खरोखरच कुणी नाही.

आता त्या वरच्या पायरीवर काय होतं ते सांगते, कारण तिथे मी आठ वर्षं काढलीत. ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं. सिझर करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळ घ्यायला बालरोगाचं शिक्षण घेतलेला कुणीतरी हवा, रक्त साठवण्याची सोय हवी. यातलं एक जरी नसलं तर उरलेल्या तिघांचा सिझरसाठी उपयोग शून्य. मी ज्या रुग्णालयात होते तिथे मी होते, थिएटर होतं, अवजारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालू होता, ओटी सिस्टर उत्तम होत्या. भूलतज्ज्ञ नव्हता. दीड वर्ष नव्हता. आधीचं सिझर, टाके दुखतायत, कळा सुरू, अशी बाई रात्री अकराला यायची आणि मी रेफरची चिठ्ठी लिहायचे. जिल्ह्याचं ठिकाण ६० किलोमीटर, वाटेत घाट. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं की मी लेबर रूमच्या ओट्यावर बसून फोनची वाट बघायचे. सगळ्या पोचल्या. पण एकीचं बाळ पोचेपर्यंत राहिलं नाही. तिचा केसपेपर मी लिहिला होता आणि त्यातली वेळ मला आजही पाठ आहे: २३.२०.

त्या वर्षीच्या आढावा बैठकीत आमच्या रुग्णालयाचं "स्त्रीरोगतज्ज्ञ: पद भरलेलं" असं खातं हिरव्या रंगात होतं. माझं सगळ्यात ठाम मत इथेच तयार झालं. आपण सरकारी आरोग्यसेवेत पदं मोजतो, टीम मोजत नाही. चार तज्ज्ञ चार तालुक्यांत एकेकटे बसवले की चारही तालुक्यांची पदं भरल्यासारखी दिसतात आणि एकाही तालुक्यात सिझर होत नाही. तेच चार जण एका ठिकाणी ठेवले तर निदान एका ठिकाणी चोवीस तास काम चालतं, आणि मुख्य म्हणजे ते चार जण तिथे टिकतात. एकटा तज्ज्ञ टिकत नाही. त्याची चूक नाही. एकटा माणूस वर्षाचे ३६५ दिवस कॉलवर राहू शकत नाही.

यावर उपाय होता आणि आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, त्यात एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचं अठरा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, तसंच तातडीच्या प्रसूतीसेवेचं सोळा आठवड्यांचं. पुढे त्यांचा कालावधी वाढवला गेला. आमच्याकडचे एक वैद्यकीय अधिकारी भुलेचं प्रशिक्षण घेऊन आले. पहिल्या स्पायनलला, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून भूल देताना, त्यांचा हात थोडा थरथरला. मी मुद्दाम काही बोलले नाही, हातमोजे घालून उभी राहिले. सुई बरोबर गेली, स्वच्छ पाण्यासारखा द्रव आला, आणि आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला. पुढच्या सहा महिन्यांत आमच्या छोट्या थिएटरमध्ये नियमित सिझर होऊ लागली. रेफरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. मग मे महिन्यात बदल्यांची यादी आली. त्यांचा कालावधी पूर्ण झाला होता, नियमाने बदली झाली, आणि जिथे थिएटरच नाही अशा पीएचसीत झाली. कुणी वाईट हेतूने केलं नाही. यादी करणाऱ्याच्या समोर "वैद्यकीय अधिकारी, गट अ" एवढंच लिहिलेलं होतं. त्या माणसाच्या हातात काय कसब आहे, हे लिहायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

म्हणजे तूट आहे ती अशी. डॉक्टर तयार होतात, पण त्यांच्या शिक्षणाचा रस्ता आणि नेमणुकीचा रस्ता एकमेकांना भेटत नाहीत. हे ध्यानात आलं की तुमच्या प्रश्नाकडे वळता येतं.

बाँड आधी की पीजी? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमच्या प्रवेशवर्षाच्या बाँडच्या अटी काय आहेत, ही पहिली. महाराष्ट्रात या अटी वारंवार बदलल्यात. एमबीबीएसला दहा लाख, पीजीला पन्नास लाख, सुपरस्पेशालिटीला दोन कोटी असे दंडाचे आकडे वर्षानुवर्षं होते, पण दंड भरून सुटता येतं की नाही, पीजीआधी सेवा पूर्ण लागते की नंतर चालते, हे बॅचप्रमाणे वेगळं आहे. सीनियरने सांगितलं त्यावर जाऊ नका. तुम्ही सही केलेला कागद आणि वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचं परिपत्रक स्वतः वाचा. बाँड बेकायदा आहे, कोर्टात उडेल, असं कुणी म्हणालं तर तेही सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांच्या सक्तीच्या सेवेच्या अटी वैध ठरवल्यात.

दुसरी, घरची परिस्थिती. कर्ज आहे का, बहिणीचं लग्न आहे का, आईवडील आजारी आहेत का. तिसरी, यंदा नीट-पीजीत तुम्हाला हवी ती शाखा मिळेल एवढी तयारी खरोखर झालीय का. तयारी झाली असेल आणि तुमच्या अटींमध्ये बाँड नंतर करता येत असेल, तर पीजी घ्या. विशेषज्ञ होऊन बाँडला आलात तर ग्रामीण रुग्णालयाला तुमचा जास्त उपयोग होईल.

पण बहुतेक मुलांची तयारी एका वर्षात होत नाही, हेही मी बघते. मग ती मुलं पुण्यात किंवा संभाजीनगरला खोली घेऊन दोन वर्षं क्लास लावतात, आणि हातातलं सगळं विसरतात. अशा वेळी पीएचसीचं वर्ष वाया जातं, हे मला मान्य नाही. ते वाया जातं ते चुकीच्या ठिकाणी गेल्यामुळे.

चुकीचं ठिकाण म्हणजे दूरचं ठिकाण नव्हे. जिथे शिकवायला कुणी नाही ते.

माझ्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. पेरणीचे दिवस, पहाटे पाचला एका एकोणीस वर्षांच्या मुलाला बैलगाडीतून आणलं. पोटात दुखतंय, घसा दुखतोय, मळमळतंय. अंगावर कुठे काही नाही. मी पित्त समजून इंजेक्शन काढायला घेतलं. आमच्या इनचार्ज सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मुलाला विचारलं, "रात्री कुठं झोपला होतास रे?" तो म्हणाला, खाली, ओसरीवर. त्यांनी त्याला वर बघायला सांगितलं. पापण्या पूर्ण उघडत नव्हत्या. "मॅडम, ह्याला मण्यार चावलीय," त्या शांतपणे म्हणाल्या. मण्यारीच्या दंशाची खूण बहुधा दिसत नाही, दुखत नाही, ती रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि पहाटे पोटदुखी घेऊन पेशंट येतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. दहा व्हायल सर्पविषरोधक सलाइनमधून लावलं. तासाभरात त्याचा श्वास उथळ झाला. जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन ४८ किलोमीटर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत गेले, अर्ध्या वाटेत हात बदलायला सिस्टर सोबत होत्या. जिल्हा रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळाला. नवव्या दिवशी तो मुलगा चालत पीएचसीत आला.

त्याच सिस्टरनी मला वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कशी फसते ते दाखवलं. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही, त्यासाठी काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी काचेचीच हवी, कोरडी हवी, साबणाने धुतलेली नको. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत रक्त गोठायला हवं तसं गोठत नाही, आणि तुम्ही विषबाधा नसलेल्याला औषध देऊन बसता. त्या नळ्या त्यांनी वेगळ्या डब्यात जपून ठेवलेल्या असत. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत मला ही गोष्ट कुणी हातात देऊन शिकवली नव्हती.

पण मला तशा सिस्टर मिळाल्या, हे माझं नशीब. शिक्षण नशिबावर सोपवता येत नाही. म्हणून बाँडच्या पदांची यादी लागेल तेव्हा रस्ता किती चांगला, घरापासून किती किलोमीटर, एवढंच बघू नका. त्या पीएचसीत महिन्याला किती प्रसूती होतात ते विचारा. दहाच्या वर असतील तर तिथे लेबर रूम जिवंत आहे. दुसरं वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद भरलेलं आहे का आणि तो माणूस मुख्यालयी राहतो का, ते विचारा. इनचार्ज सिस्टर किती वर्षांपासून आहेत ते विचारा. जवळचं ग्रामीण रुग्णालय खरोखर सिझर करतं की फक्त पुढे पाठवतं, हे १०८ च्या ड्रायव्हरला माहीत असतं, त्याला विचारा. भरारी पथकातले, म्हणजे पाड्यापाड्यांवर फिरणारे, बीएएमएस (आयुर्वेद पदवीचे) डॉक्टर त्या भागात असतील तर त्यांना आधी भेटा. नवसंजीवनी योजनेत तुटपुंज्या मानधनावर ज्यांनी पाड्यापाड्यात वर्षानुवर्षं काढली, त्यांच्याइतका तो भाग कुणाला ठाऊक नाही, आणि त्यांचे उपकार आपण फार कमी मानतो.

अभ्यासाचं म्हणाल तर साधारण पीएचसीत संध्याकाळचे दोन-तीन तास मिळतात. सगळे दिवस मिळणार नाहीत. शवविच्छेदन, यात्रेची ड्युटी, बैठका, अहवाल यात दिवस जातात, हे लपवून ठेवत नाही. माझ्याकडून गेलेल्या बाँडवाल्यांपैकी जे पुढच्याच प्रयत्नात पीजीला लागले, त्यांनी एक गोष्ट सारखी केली होती: दिवसा जो पेशंट बघितला त्याचाच विषय रात्री वाचला. त्यांना तो पुन्हा पाठ करावा लागला नाही.

आता सरकारी सेवेत राहून स्पेशालिस्ट होण्याबद्दल. माझ्या वेळी रस्ता सरळ होता. काही वर्षं सेवा केली की दोन वर्षांचा डिप्लोमा मिळायचा, स्त्रीरोगाचा डीजीओ, बालरोगाचा डीसीएच, भुलेचा डीए. तालुक्याच्या रुग्णालयांना हेच लोक लागत, आणि हेच लोक परत येत. २०१८ नंतर कॉलेजांतले बहुतेक डिप्लोमा एमडी-एमएसच्या जागांमध्ये बदलले गेले. पदवी मोठी झाली, पण तालुक्याला जाणारा रस्ता अरुंद झाला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ही पोकळी भरायला राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे डिप्लोमा सुरू केले. भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग, फॅमिली मेडिसिन, नेत्र, क्ष-किरण, कान-नाक-घसा आणि क्षयरोग-छातीचे विकार असे आठ विषय. ते शंभर किंवा त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयात चालू शकतात, म्हणजे आमच्यासारख्या ठिकाणीही. प्रवेश नीट-पीजीतूनच होतो. तुमचे मित्र याकडे "डिप्लोमाच तो" म्हणून बघत असतील तर त्यांचं ऐकू नका. भूलशास्त्राचा डिप्लोमा झालेला एक डॉक्टर माझ्या जुन्या ग्रामीण रुग्णालयात असता, तर २३.२० ची ती चिठ्ठी मी लिहिली नसती.

सीपीएसचे (कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचे) डिप्लोमा हा दुसरा रस्ता लोक सुचवतील. मुंबईची ही संस्था १९१२ पासूनची आहे आणि तिथून शिकलेले उत्तम डॉक्टर मी पाहिलेत. पण मान्यतेचे वाद बराच काळ चाललेत. पैसे भरण्याआधी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद करते का, हे लेखी विचारून घ्या.

आणि सेवांतर्गत कोटा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं की सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखून ठेवण्याचा राज्यांना अधिकार आहे. तमिळनाडूने हा कोटा फार आधीपासून चालवला आणि तिथली जिल्हा-तालुका पातळीवरची प्रसूतीसेवा मजबूत होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये २० टक्के कोटा आला. तुम्ही कायम सेवेत गेलात, ठरलेली वर्षं अवघड भागात काढलीत, तर हा रस्ता तुमचा आहे. अट एवढीच की पीजी करून परत सेवेत यावं लागतं. ज्याला परत यायचंच आहे त्याला ती अट जड जात नाही.

परत येण्यावरून आठवलं. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या पीएचसीत १९७६ मध्ये ते रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावत होती. त्यांनी रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यावर वापरून दाखवलं, आणि ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मध्ये त्यांनी पुण्यात एमडी केलं आणि पुन्हा महाडच्याच भागात गेले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सगळ्यांनी बावस्कर व्हावं असं माझं म्हणणं नाही, तसं कुणाला होताही येत नाही. पण त्यांच्या कामाचा विषय बिरवाडीच्या पीएचसीत समोर आला, हे विसरू नका.

पीजीला गेलात तरी गाव पूर्ण सुटणार नाही. २०२१ च्या बॅचपासून एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. बरेच जण ते तीन महिने हजेरीपुरते काढतात, आणि जिल्हा रुग्णालयंही त्यांना ओपीडीच्या गर्दीत ढकलून मोकळी होतात. आमच्या जिल्ह्यात एका भूलशास्त्राच्या रेसिडेंटने त्या तीन महिन्यांत दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्पायनलचा हात बसवून दिला. कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतःहून केलं. असं शिकवणं वेळापत्रकात लिहिलेलं असायला हवं, यासाठी आम्ही काही जण वरिष्ठांकडे सतत बोलतो आहोत.

आतापर्यंतचं दोन वाक्यांत: तयारी झाली असेल आणि अटींत बसत असेल तर पीजी आधी, नाहीतर बाँड आधी, पण शिकवणारी माणसं असलेल्या ठिकाणी. आणि सरकारी सेवेत राहायची इच्छा थोडी जरी असेल, तर दोन वर्षांचा डिप्लोमा आणि सेवांतर्गत कोटा हे दोन्ही रस्ते आजच नीट वाचून ठेवा.

तुमच्या वर्गातल्या मुलीही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक. क्वार्टरच्या दाराची कडी आणि बाहेरचा दिवा पहिल्याच दिवशी बघा, नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी द्या. रात्रीच्या कॉलला एकटीने क्वार्टर ते लेबर रूम जाऊ नका, शिपाई किंवा सिस्टर घ्यायला येतील असं ठरवून घ्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही, मी आजही तसंच करते.

आणि तुम्ही रुजू झालात की पहिल्या आठवड्यात लेबर रूमचा ट्रे स्वतः उघडा. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे का, मॅग्नेशियम सल्फेटची तारीख बघा, बाळाची अंबू बॅग दाबून मास्कमधून हवा गळते का बघा. सर्पविषरोधकाच्या व्हायल मोजा. काचेच्या नळ्या कुठे ठेवल्यात ते सिस्टरना विचारा. यादी लागली की तुमच्या पसंतीची चार केंद्रं मला कळवा. उत्तर महाराष्ट्रातली असतील तर तिथली लेबर रूम चालते की नाही, हे मी दोन फोन करून सांगेन.